फोनला लावलेला कौल

माझ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर अस्तराचा एक तुकडा चिकटवलेला असतो. पिस्ता रंगाचा, आईच्या शिलाईतून उरलेला. कामाच्या बैठकीत चेहरा दाखवावा लागला तर तो काढते आणि बैठक संपली की आधी तो परत लावते. फोन मी नेहमी उपडा ठेवते. कपडे बदलताना तो खोलीत असला तर बाहेर नेऊन ठेवते. कोणतंही नवं अ‍ॅप मायक्रोफोनची परवानगी मागायला लागलं की दारात अनोळखी माणूस उभा असल्यासारखं वाटतं. हे मी कोणाला सांगत नाही, कारण लोक हसतील आणि कारण माझं पोट त्याच जगावर चालतं.

मी घरून काम करते. एका कंपनीसाठी, जी दुसऱ्या कंपनीसाठी काम करते, जिचं नाव आम्हाला सांगितलेलं नाही. लोकांच्या प्रश्नांना यंत्राने मराठीत दिलेली उत्तरं वाचायची आणि गुण द्यायचे. उत्तर बरोबर आहे का, मराठी कृत्रिम वाटतं का, आणि वाचणाऱ्याला आपुलकी वाटते का. मी शिकले इंग्रजी शाळेत, मराठी वाचायला मला शेजारणीच्या मुलीपेक्षा जास्त वेळ लागतो. तरी काम मला मिळालं, कारण कामाच्या सूचना इंग्रजीत होत्या. सुरुवातीला उत्तरं ओबडधोबड असायची, वाचून बरं वाटायचं. मग ती सुधारत गेली. हल्ली काही उत्तरं इतकी मायेने लिहिलेली असतात की मी खुर्ची जरा मागे सरकवते.

आमचं घर रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, चढावर आहे. खाली बंदर, वारा फिरला की घरात माशांचा वास. बाबा बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात मशीन बघतात. आई घरीच ब्लाउज शिवते. तिचं शिलाई मशीन पुढच्या पडवीत आणि माझं टेबल आतल्या खोलीत, मध्ये फक्त एक पडदा. त्यामुळे मापं द्यायला आलेल्या बायकांचं सगळं बोलणं मला ऐकू येतं. त्या बोलतात ते बहुतेक फोनबद्दलच.

"मी नुसतं म्हटलं गो, गुडघा दुखतो," एक काकू एकदा सांगत होत्या, "तर लगेच गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात. म्हणजे ऐकतो तो."

"ऐकूदे मेला," दुसरी म्हणाली. "घरात माझं कोण ऐकतंय? निदान तो तरी ऐकतो."

सगळ्या हसल्या. आईही हसली, टाचण्या ओठात धरून. मी पडद्याआड बसून हसले नाही.

"आमची सून काय करते ठाऊक आहे?" पहिल्या काकू म्हणाल्या. "नवरा झोपला की त्याच्या तोंडासमोर फोन धरते. उघडतो लगेच."

"मग सापडलं काय?"

"काय सापडणार? क्रिकेट. ती म्हणते, इतका सरळ नवरा असेल असं वाटलं नव्हतं, निराशाच झाली."

बाबांचं मत वेगळं होतं. जेवताना फोन वाजला की ते म्हणायचे, "आमचा कॉम्प्रेसर बिघडायचा असला तर आधी आवाज बदलतो. माणसाला तयारीला वेळ देतो. ह्याचं काय? हसत हसत बंद पडेल." त्यांच्या फोनला काच फुटून किती वर्षं झाली तरी ते तोच वापरतात. नवा घ्या म्हटलं की म्हणतात, फुटला तेव्हा निदान कळलं तरी फुटला म्हणून.

त्या वर्षी गणपतीला माझा चुलतभाऊ पुण्याहून आला. तो तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्या ऑफिसातली माणसं एकेक करून कमी होत होती. तो ते विनोद करून सांगायचा, पण दर थोड्या वेळाने फोन बघायचा. "पुढच्या गणपतीला सुट्टी घेऊन येईन की कायमचाच येईन, सांगता येत नाही," तो म्हणाला.

"ये," बाबा म्हणाले. "बर्फ फोडायला माणूस लागतोच."

आरती झाल्यावर त्यानेच आईच्या फोनवर विचारलेल्याचं उत्तर देणारं, बोलणारं अ‍ॅप टाकून दिलं. "काकू, काहीही विचार. मराठीत विचार. लिहायला नको, नुसतं बोल."

आईने पदर सावरला. फोनशी बोलताना पदर सावरणारी माणसं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तिने विचारलं, बोटनेकच्या गळ्याला खांद्याकडे उतार किती ठेवायचा. अ‍ॅपने सांगितलं. आई जरा थांबली, मनात माप लावून बघितलं आणि म्हणाली, "बरोबर आहे की रे." मग मला म्हणाली, "किती शांतपणे बोलतो गो. वसकत नाय."

त्या दिवसापासून फोन तिच्या मशीनजवळ हुकांच्या डब्याला टेकून उभा असायचा. कुठल्या कपड्याला कोणतं अस्तर, तुळशीला कीड लागली तर काय, सांडग्यांना ऊन किती दिवस. ती त्याला 'तो' म्हणायची. मी पडद्याआडून ऐकायची आणि मला भीती वाटायची, पण कशाची ते मला सांगता आलं नसतं. तिला मदतच होत होती. बायकांनाही ती सांगायची, "विचार गो, हा सांगेल." नवऱ्याला विचारता येत नाही असं पुष्कळ काही बायकांना विचारायचं असतं.

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. दुपारी मागच्या अंगणातल्या तारेवरचे कपडे मी काढत होते. आईचा एक ब्लाउज हातात आला आणि त्याची डावी बाजू माझ्या बोटांना वेगळी लागली. उलटा करून पाहिला. काखेखालची शिवण उसवून बाहेरच्या बाजूला सरकवून परत घातली होती. उजवी बाजू होती तशीच. तारेवर तिचा दुसरा ब्लाउज होता. त्याचीही डावीच बाजू सैल केलेली.

मी शिंपिणीची मुलगी आहे. अंग भरलं की दोन्ही बाजू सारख्या सोडतात, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. आजारामुळे एकच बाजू सैल करून मागणाऱ्या बायका आईकडे येत. त्या आल्या की आई पडदा नीट ओढून घेई आणि हळू बोले.

कपडे हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. फोन खिशात होता. एक शब्द टाइप केला असता तर सगळं समोर आलं असतं, पण मी तो केला नाही. टाइप केला असता तर दुसऱ्या दिवसापासून त्याच जाहिराती माझ्यामागे लागल्या असत्या. आईने कधी माझा फोन हातात घेतला असता तर तिला दिसल्या असत्या. आणि दुसरंही होतं. टाइप केलं की ते खरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका गेल्यावर मी पडद्याबाहेर आले.

"आई, ब्लाउजची एकच बाजू का सोडलीस?"

मशीन थांबलं नाही. "काचत होतं."

"एकीकडेच?"

"बाय, तुझं काम झालं काय?"

मी तिथेच उभी राहिले. मला उभं राहता येतं, बोलता येत नाही. लहानपणापासून माझं भांडण म्हणजे एवढंच. शेवटी तिनेच पाय पेडलवरून काढला.

"गाठ आहे?" मी विचारलं.

"आहे. बारकी. दुखत नाय."

"कधीपासून?"

"गणपतीच्या पुढेमागे हाताला लागली. पण विचारलं मी. घाबरायचं कारण नाय म्हणाला."

मला एकदम हलकं वाटलं. "कोण? कुठल्या डॉक्टरांना दाखवलंस?"

"डॉक्टर कशाला? ह्याला." तिने हुकांच्या डब्याकडे हनुवटीने दाखवलं.

फोन डब्याला टेकून उभा होता. काळा, शांत. मी खाली फरशीवर, कापडाच्या चिंध्यांत बसले.

"काय विचारलंस?"

"म्हटलं, ही गाठ दुखत नाय, म्हणजे साधीच असेल ना?"

"असंच विचारलंस?"

"मग कसं विचारायचं? म्हणाला, बहुतेक गाठी साध्याच असतात, तुम्ही काळजी करू नका. खूप चांगलं बोलला. शेवटी डॉक्टरला दाखवून घ्या असंही म्हणाला, पण ते तो सगळ्यालाच म्हणतो. पडवळाची भाजी विचारली तरी शेवटी म्हणतो, तब्येतीचं काही असेल तर डॉक्टरांना विचारा."

हे खरं होतं. ते शेवटचं वाक्य मी रोज शेकड्याने वाचते. उत्तराच्या टोकाला ते असतं, ठिपक्यासारखं. माझीही नजर त्याच्यावरून घसरते.

"आई, न दुखणारी गाठच दाखवायची असते. आपण आज जाऊ."

"कशाला? उत्तर मिळालं ना." ती परत मशीनकडे वळली. "परत परत विचारलं म्हणजे पहिलं पटलं नाय असा अर्थ होतो."

तेव्हा मला कळलं, तिने काय केलं होतं ते.

आमच्या गावच्या देवळात कौल लावतात. गाव पूर्णगडच्या अलीकडे, आत आहे. देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि आपला प्रश्न देवापुढे मांडतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न असा घालायचा की त्यात आपली इच्छा असेल. आणि एकदा कौल झाला की तोच प्रश्न पुन्हा लावायचा नाही. मला इंग्रजी शाळेत घालायचं हे असंच ठरलं. उजवा कौल झाला. पुढे शाळेत माझ्याशी कोणी बोलेना, मी रोज रडायची, आईसुद्धा रडायची माझ्यासोबत. पण शाळा बदलायची का, हे विचारायला ती पुन्हा देवळात गेली नाही. विचारून झालं होतं.

"आई, हा देव नाही गो," मी म्हटलं.

"देव नाय ते कळतं मला. मी काय खुळी आहे? पण विचारायची रीत एकच असते."

मी माझा फोन काढला. तिच्यासमोर, मोठ्याने, त्याच अ‍ॅपला विचारलं: माझ्या आईच्या छातीत दोन-तीन महिने न दुखणारी गाठ आहे, ब्लाउज सैल करावा लागला, हे धोक्याचं असू शकतं का? त्याने सांगितलं, हो, असू शकतं, शक्य तितक्या लवकर डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका. त्याच शांत, मऊ आवाजात.

मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता झालं.

"तू घाबरून विचारलंस म्हणून तसा बोलला," आई म्हणाली. "मी धीराने विचारलं तेव्हा धीर दिला. ज्याला जे हवं ते देतो तो. मग तुझं खरं आणि माझं खोटं कशावरून?"

फोनबद्दल मला वाटणारी भीती मला इतकी वर्षं सांगता आली नव्हती आणि आईने ती हुक लावता लावता सांगून टाकली होती. कोणी बघेल, कोणी ऐकेल, याची मी अस्तराचे तुकडे लावून काळजी घेत होते. पण तो आपल्या आवाजातली आशा ऐकतो आणि तीच आपल्याला परत देतो, त्याला काय चिकटवायचं?

त्या दिवशी ती आली नाहीच. मी खूप उभी राहिले. तिने रात्रीच्या भाजीची तयारी केली, ताटं घेतली, माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काम बंद ठेवून बर्फाच्या कारखान्यावर गेले. तिथे मी सहसा जात नाही. माणसं ओळखीची, सगळे विचारतात, काय, लग्न कधी. बाबा बाहेर आले, ओल्या हातांनी. आत बर्फ फोडायचं यंत्र चालू होतं आणि एक शब्द ऐकू येत नव्हता.

"आईला लम्प आहे," मी म्हटलं. "ब्रेस्टमध्ये." इंग्रजीत लाज कमी वाटते. माझ्या शाळेने मला दिलेली ती एक सोय आहे.

"काय आहे?"

मी परत म्हटलं. बाबांनी कान पुढे केला. मला मराठीत म्हणावं लागलं, छाती हा शब्द, जो मी बाबांसमोर कधी उच्चारला नव्हता, आणि त्या यंत्राच्या वर आवाज काढून म्हणावं लागलं. बर्फाच्या टोपल्या उचलणारे दोघे जण वळून बघायला लागले. बाबांनी मला हाताला धरून भिंतीच्या पलीकडे नेलं. मी सगळं सांगितलं. फोनचंही.

बाबा बराच वेळ हात पुसत राहिले. हात कोरडे झाले तरी.

"मला म्हणाली नाय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "भांडून येणार नाय ती. मी ओळखतो. तिला विचारून आणायला लागेल."

"कोणाला विचारून?"

"गावच्या देवाला. दुसरं कोणाला?"

देवळात जायला आईची तयारी असती, पण गावाला पोचेपर्यंत ती पुन्हा मन घट्ट करेल, असं बाबांना वाटत होतं. मुंबईतले भावकीतले लोक हल्ली गुरवांना व्हिडिओ कॉल करून कौल लावतात. एकाला नोकरी बदलायची होती, त्याने तसंच केलं होतं. बाबा तेव्हा त्याच्यावर खूप हसले होते. आता त्यांनीच त्याच्याकडून गुरवकाकांचा नंबर घेतला.

पुढच्या सकाळी, अंघोळी झाल्यावर, बाबांनी देवासमोर पाट मांडला आणि त्यावर माझा फोन ठेवला, तांब्याला टेकवून, आणि पुढे समई लावली. त्यांच्या फोनच्या फुटक्या काचेतून देव नीट दिसला नसता. आई दारात उभी होती. "हे काय चाललंय?"

"कौल लावतोय. ये."

"कसला?"

"तुझा."

"तो झालाय माझा."

"गाठ कसली ते विचारतच नाय मी," बाबा म्हणाले. "ते तू विचारलंस, झालं. माझा प्रश्न निराळा आहे."

आईला नाही म्हणता येईना. ती आली, डोक्यावर पदर घेतला आणि फोनसमोर हात जोडून उभी राहिली. पलीकडे गुरवकाका ओल्या अंगाने उभे होते, मागे गाभाऱ्यातला अंधार आणि पाषाणावर दोन पाकळ्या. चित्र हलत होतं, त्यांचा नातू फोन धरून असावा. त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. बा महाराजा, तुझी लेकरं रत्नागिरीत आहेत, त्यांच्या घरात आजार शिरला आहे, त्यांना वाट दाखव. बाबा मध्ये म्हणाले, "होय महाराजा." मग गुरवकाकांनी विचारलं, "बोला, काय विचारायचं?"

"डॉक्टरकडे उद्या न्यायची असेल तर उजवी दे," बाबा म्हणाले, "आणि परवा न्यायची असेल तर डावी."

आईने मान वळवून बाबांकडे पाहिलं. तिला लगेच कळलं. मलाही कळलं. दोन्हीकडून वाट दवाखान्यातच जात होती. मला वाटलं आता ती चिडेल, पदर काढून निघून जाईल. ती गेली नाही. तिने पुन्हा फोनकडे तोंड केलं. तिचे जोडलेले हात हलत होते, हे मी तेव्हा पाहिलं. मला आतापर्यंत वाटत होतं, घरात घाबरलेली मी एकटीच आहे.

आणि तेवढ्यात चित्र थांबलं. गुरवकाका तोंड उघडं ठेवून स्थिर झाले. पाकळ्या पाषाणावर तशाच. मध्ये एक गोल फिरायला लागला. गावाला रेंज अशीच जाते, एरवी कोणाला काही वाटत नाही. त्या वेळी मला वाटलं, देवाने बोलायचं नाकारलं असा अर्थ आई काढेल. आता ती म्हणेल, बघा, त्यालाही सांगायचं नाही. मग तिला कुठल्याच दारात नेता येणार नाही. मी फोनला हात लावायला धजावले नाही. बाबाही हलले नाहीत. समईची ज्योत फोनच्या काचेत दिसत होती.

चित्र आलंच नाही. आवाज आला, तुटत तुटत. "पडली... उजवी पडली. उद्याच न्या वहिनींना. उशीर नको."

आईने वाकून नमस्कार केला. उठली आणि म्हणाली, "उद्या मग दोन गिऱ्हाइकं येणार आहेत, त्यांना फोन करून सांगायला हवं."

पाकळी पडताना आमच्यापैकी कोणीच पाहिली नाही. 'उशीर नको' असं आमचा देव कधी म्हणत नाही. तो उजवं किंवा डावं एवढंच सांगतो. बाबांनी आदल्या दिवशी गुरवकाकांना काय सांगून ठेवलं होतं, ते मी विचारलं नाही. मी आजही विचारलेलं नाही.

डॉक्टर बाई होत्या, माझ्यापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी आईला आत घेतलं, मला पण. आईने सांगून टाकलं, "फोनला विचारलं होतं मी."

"सगळ्याच विचारतात," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. त्यांनी हात चोळून गरम केले आणि तपासायला लागल्या. मी भिंतीकडे पाहत होते, पण त्यांच्या बोलण्यातला फरक मला कळला. आधी त्या आईला शिलाईबद्दल विचारत होत्या, मधेच एका ठिकाणी गप्प झाल्या. बोटं पुन्हा त्याच जागी गेली. काखेतही गेली. मग त्या म्हणाल्या, "काकू, आपण फोटो काढून घेऊ, आणि सुईने गाठीचा थोडा नमुना घेऊन तपासायला पाठवू." आवाज गोड केला नव्हता. मला त्या कोरड्या आवाजाचा आधार वाटला आणि त्याचीच भीतीही वाटली.

तपासणी बाहेरगावी होणार होती आणि रिपोर्ट माझ्या फोनवर येणार होता. फोन आता उपडा ठेवता येत नव्हता. तो मी हातात घेऊन जेवायची, हातात घेऊन झोपायची. प्रत्येक आवाजाला दचकायची आणि तो कुठल्यातरी सेलचा निघायचा. मधल्या दिवसांत मी कामही केलं. कोणा एकाने लेकराच्या तापाबद्दल विचारलं होतं, 'दात येतायत म्हणूनच असेल ना' असं. उत्तर सुरेख होतं. आपुलकीच्या रकान्याशी माझा हात थांबला. मी कमी गुण दिले. संध्याकाळी वरून निरोप आला, तुमचे गुण इतरांशी जुळत नाहीत, सूचना पुन्हा वाचा. मी वाचल्या. सूचनांत काही चूक नव्हती.

आई मात्र त्या दिवसांत फोनशी बोलली नाही. एकदा एक बाई म्हणाली, "विचारा ना त्याला, बाहीला किती कापड लागेल," तर आई म्हणाली, "माझ्या हाताला ठाऊक आहे."

रिपोर्ट आला तेव्हा दुपार होती. बाहेर पडवीत आई कोणालातरी ब्लाउज घालून बघायला लावत होती. "हात वर कर. आता खाली. काचतंय?" फाईल इंग्रजीत होती. चुलतभावाला बाबांनी कळवलं होतं, त्याचा निरोप आदल्या दिवसापासून येऊन पडला होता: रिपोर्ट आला की अ‍ॅपमध्ये टाक, सोप्या मराठीत समजावून सांगेल, काकूला ऐकवता येईल. तो काळजीनेच म्हणत होता. मी टाकला नाही. काय ऐकवायचं ते यंत्राने ठरवावं, हे मला सहन झालं नसतं. मी स्वतः वाचला. सगळे शब्द मला कळत नव्हते, पण कार्सिनोमा हा शब्द दहावीच्या पुस्तकात होता. मी तो पुन्हा पुन्हा वाचला, जणू वाचून तो बदलेल. मग दुसऱ्या ओळी वाचल्या. मग पहिल्यापासून.

मी बसून राहिले. गिऱ्हाईक जाईपर्यंत मला वेळ होता. मराठीत कसं सांगायचं ते मनात जुळवत होते. मला येत होती ती सगळी वाक्यं कामावरची होती. तुमची काळजी समजू शकते. धीर धरा. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते. मी ती एकेक करून बाजूला ठेवली. उरलं तेव्हा फार थोडं उरलं.

बाहेर फाटक वाजलं. मशीन सुरू झालं नाही.

"आला काय गो?" पडद्यापलीकडून आई म्हणाली.

मी बाहेर गेले. ती मशीनसमोर बसली होती, हात मांडीवर.

"आला."

"साधी नाय ना?"

"नाही, आई. कॅन्सर आहे."

बाहेर खाली कोणाच्यातरी होडीचं इंजिन सुरू होत नव्हतं, दोरी ओढल्याचा आवाज परत परत येत होता.

"मरेन काय मी?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "फाईलमध्ये ते लिहिलेलं नाही. उपचार असतात. किती पसरलंय ते अजून बघायचंय."

तिने माझा हात धरला. तिची बोटं सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली आहेत. "मला भीती वाटते गो," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं.

"मलाही."

मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना कळवायला हवं ना?"

मी दवाखान्याचा नंबर लावला. लागला नाही, लाइन व्यस्त होती. पुन्हा लावला. आई माझ्याकडे बघत होती. तिसऱ्यांदा पलीकडून एका बाईने घाईत विचारलं, "बोला, कोण?"

मी आईचं नाव सांगितलं. "रिपोर्ट आलाय," मी म्हटलं. "आम्हाला आजच यायचंय."